गावानंच हात उचलला तर : मदतीला जाणाऱ्यांसाठी कृती

२१ ऑगस्ट २०२१ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्दला, सात जणांना गावात खांबांना बांधून मारलं. त्यांत बायका होत्या, म्हातारी माणसं होती. आरोप होता भानामतीचा. ६ डिसेंबर २०२३ च्या रात्री गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातल्या गुंडापुरीत अशाच संशयावरून आजोबा, आजी आणि दहा वर्षांची नात यांची हत्या झाली. १ मे २०२४ ला त्याच जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक बाई आणि एक वयस्क पुरुष यांना जादूटोण्याच्या संशयावरून मारून जाळण्यात आलं. या शेवटच्या दोन्ही प्रकरणांत पोलिसांनी पकडलेल्यांमध्ये मेलेल्यांच्या घरचेच लोक होते.

चोरी-दरोड्यात पीडिताच्या पाठीशी गाव उभं राहतं. इथं गावच समोर उभं असतं. म्हणून शहरातली साधी सल्लामसलत इथं अपुरी पडते. ‘घरच्यांचा आधार घ्या, शेजाऱ्यांशी बोला’ असं सांगणाऱ्याला हे ठाऊक नसतं की दोर घरच्यांनी आणला आणि बांधायला शेजारी आले. अशा ठिकाणी मदतीचा पहिला प्रश्न मनाचा नसतो. ही माणसं आज रात्री कुठं झोपतील आणि उद्या कुठल्या बोअरिंगवर पाणी भरतील, तिथून सुरुवात करायची. मन सावरायला वेळ लागतो, आणि तो वेळ सुरक्षित जागेतच मिळतो.

ही कृती आशाताई, शिक्षक, अंगणवाडीताई, पोलीस पाटील, संस्थेचे कार्यकर्ते आणि दुसऱ्या गावात राहणारे नातेवाईक यांच्यासाठी आहे. एकट्यानं करू नका. निदान तिघं हवेत. एक माणूस पीडितासोबत, एक कागदांमागे आणि एक गावाशी बोलणारा.

आधी जवळ ठेवायचं

एक वही. पेन. फोनची जादा बॅटरी. कागदी पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं. तालुक्यातल्या एका विश्वासू गाडीवाल्याचा नंबर. माडिया, गोंडी, तेलुगू किंवा बंजारा बोलणारा, पण त्या गावचा नसलेला माणूस. आणि हे क्रमांक : पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, महिला १८१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदत १५१००, मनाच्या आजारासाठी टेली-मानस १४४१६. गावात नेमक्या कुठल्या टेकाडावर, कुठल्या झाडाखाली रेंज येते ते आधीच पाहून ठेवा. भामरागडला राहत असाल तर पर्लकोटा नदी फुगल्यावर रस्ता बंद होतो हे धरून पावसाळ्यापूर्वीच पर्यायी वाट ठरवा.

कृती

१. पहिला तास : माणसं बाहेर काढा

मारहाण चालू असेल तर एकट्यानं मध्ये पडू नका. आधी ११२ ला आणि जवळच्या पोलीस मदत केंद्राला फोन करा. गावाचं नाव, टोला, किती जणांना बांधलंय, जमाव अंदाजे किती, एवढं चार वाक्यांत सांगा. फोनची वेळ वहीत टिपा. पोलीस पोहोचेपर्यंत गावात ज्याचं ऐकतात अशा माणसाला शोधा. तो सरपंच असेल, भूमया (गावचा पारंपरिक प्रमुख) असेल, एखादी वयस्क बाई असेल. त्यांच्याकडून जमावाशी वाद घालून घेऊ नका. “पोलीस निघालेत, आता थांबा, पुढचं सकाळी बसून बोलू,” एवढं वदवून घेतलं तरी हात थांबायला वेळ मिळतो. जादूटोणा खरा की खोटा याची चर्चा त्या घटकेला करणं म्हणजे आगीत तेल.

व्हिडिओ काढून गटांवर पाठवू नका. पुरावा म्हणून कुणी काढला असेल तर तो पोलिसांनाच द्या आणि मूळ फाइल फोनमधून पुसू नका.

२. पहिली रात्र : झोपायची जागा

सुटका झालेल्या माणसाला विचारा, “आजी, तुमचा भरवसा कुणावर आहे?” तुम्ही गृहीत धरलेलं नाव आणि तिनं सांगितलेलं नाव वेगळं निघू शकतं. मुलगा समोर असला म्हणून त्याच्या हवाली करू नका, गुंडापुरी आठवा. हा प्रश्न विचारताना आजूबाजूला गावातलं कुणी नको.

बाईसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. तिथं उपचार, पोलीस, वकील आणि समुपदेशन एका छताखाली मिळतं आणि काही दिवस राहताही येतं. पुरुषांसाठी अशी सोय नाही, म्हणून दुसऱ्या तालुक्यातलं माहेर, बहिणीचं घर, ओळखीची संस्था यांची यादी आधीच लागते. कुटुंबाची फाटाफूट शक्यतो टाळा. म्हातारा दवाखान्यात, म्हातारी सेंटरमध्ये आणि नात आश्रमशाळेत असं झालं की भीती तिप्पट होते. पर्याय नसेल तर कोण कुठं आहे हे प्रत्येकाला सांगा आणि रोज ठरलेल्या वेळी फोनवर आवाज ऐकवा.

निघताना घरातून आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, वनहक्काचा किंवा सातबाऱ्याचा कागद आणि नेहमीची औषधं घ्या. जनावरं कुणाच्या दावणीला बांधली ते वहीत लिहा.

३. दवाखाना

वरून साधा मार दिसला तरी दवाखान्यात न्या. बांधून मारलेल्यांना आतला मार असतो. रात्री पोट दुखणं, लघवीतून रक्त, उलटी, गुंगी ही लक्षणं दुर्लक्षून चालत नाहीत. सरकारी डॉक्टरांना “मारहाणीची केस आहे, पोलिसांकडे नोंद करा” असं स्पष्ट सांगा. प्रत्येक जखमेची नोंद कागदावर व्हायला हवी. पुढं कोर्टात हाच कागद बोलतो. जिवतीकडून गडचांदूरमार्गे चंद्रपूरचं शासकीय रुग्णालय, दक्षिण गडचिरोलीतून अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय आणि पुढं गडचिरोली, ही नेहमीची वाट. हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. आमटे कुटुंबाचं हे काम १९७३ पासून चालू असल्यानं तिथं माडिया समजणारी माणसं भेटतात.

फाटलेले, रक्ताचे कपडे धुऊ नका. वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ते कुजतात. बाईवर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत आंघोळ टाळायला हळुवारपणे सांगा, आणि तिचं नाव-गाव कुठंही उघड होऊ देऊ नका. ते उघड करणं गुन्हा आहे.

४. फिर्याद

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यानुसार हद्द कुठलीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. ती शून्य क्रमांकानं नोंदवून योग्य ठाण्याकडं जाते. चंद्रपूरच्या दवाखान्यात पडलेल्या माणसाला त्यासाठी जिवतीला परत जावं लागत नाही. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात टाळाटाळ झाली तर तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि पोच जपून ठेवा. बाई, साठीपुढचा माणूस, लहान मूल किंवा आजारी माणूस यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी ते असतील तिथं यायचं असतं.

मारहाण आणि खुनाच्या कलमांसोबत महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा लावायला सांगा. या कायद्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. करणी-चेटूक केल्याचा आरोप ठेवून एखाद्याला मारणं, त्याची नग्न धिंड काढणं, त्याच्या रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणं हे त्यातले गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

जबाब त्या माणसाच्या भाषेत होऊ द्या. दुभाषा गावचाच असेल तर जबाब पातळ होतो किंवा बातमी संध्याकाळपर्यंत गावात पोहोचते. सही-अंगठ्याआधी मजकूर वाचून, समजावून घ्या. फिर्यादीत नावं विसरली तर घाबरू नका; पुरवणी जबाब देता येतो. पण आठवत नसलेलं नाव भरीला घालू नका. एका खोट्या नावानं खरी दहा नावं सुटतात.

५. ऐकणं

“असं का केलं आमच्यासंगं?” हा प्रश्न वारंवार येईल. त्याला उत्तर शोधून देऊ नका. नशीब, मागच्या जन्मीचं पाप, गावकऱ्यांचं अज्ञान, यातलं काहीही त्या क्षणी कामाचं नाही. “तुमचं काही चुकलेलं नाही. मला माहीत नाही त्यांनी असं का केलं. मी आज इथंच आहे,” एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी आलात तर त्या वाक्याला वजन येतं; येणार नसाल तर आधीच सांगा.

घडलेलं सगळं पुन्हा सांगायला लावू नका. मानसिक प्रथमोपचाराचा जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेला क्रम तीन क्रियांचा आहे : पाहा, ऐका, जोडा. काय हवंय ते पाहा, बोलतील तेवढं ऐका, ज्यांच्याकडून मदत मिळेल त्यांच्याशी जोडून द्या. पत्रकार, पुढारी, संस्थावाले, प्रत्येकासमोर तीच कहाणी सांगायची वेळ आली तर तुमच्यातला एक जण दाराशी बसवा. भेटायचं की नाही ते पीडितच ठरवतील.

झोप न लागणं, पावलांच्या आवाजानं दचकणं, जेवण न जाणं हे सुरुवातीच्या दिवसांत अपेक्षित आहे. महिना उलटूनही कमी झालं नाही, माणूस बोलेनासा झाला, दारू वाढली किंवा मरणाच्या गोष्टी करू लागला तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, किंवा १४४१६ वर मराठीत बोलायला लावा. मरणाची भाषा ऐकू आली तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. घरात कीटकनाशक असेल तर ते दुसरीकडं हलवा.

मुलांना खोटं सांगू नका. “आजी गावाला गेली” म्हटलेलं मूल दाराकडं डोळे लावून बसतं. वयाप्रमाणे थोडक्यात खरं सांगा, आणि शाळा, खेळ, जेवणाची वेळ शक्य तितक्या लवकर पूर्ववत करा. आईवडील गेले असतील किंवा तुरुंगात असतील तर बालकल्याण समितीपुढं न्या; बालसंगोपन योजनेचा अर्ज तिथूनच मार्गी लागतो.

६. पैसा आणि कागद

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं पीडित नुकसानभरपाईचा अर्ज करा. आरोपी सापडला नाही किंवा खटला उभा राहिला नाही तरी हा अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते, आणि तातडीची अंतरिम मदतही मागता येते. अर्जात तसं वेगळं लिहा. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चानं वकील मिळतो. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी २०१३ पासूनची मनोधैर्य योजना आहे.

अॅट्रॉसिटी कायद्याची मदत ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत असते आणि जादूटोण्याचा आरोप करून छळ करणं त्या कायद्यातही गुन्हा आहे. पण आरोपी अनुसूचित जाती-जमातीचे नसतील तरच तो लागतो. माडिया गावात मारणारे आणि मार खाणारे बहुधा एकाच जमातीचे असतात. तिथं या कायद्यामागं महिने घालवू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. वारस म्हणून आरोपीचंच नाव पुढं येत असेल तर ते प्राधिकरणाला लेखी कळवा, आणि अज्ञान मुलांचा पैसा त्यांच्या नावानं ठेवायला सांगा. कागद हरवले असतील तर गडचिरोलीत पोलिसांची ‘दादालोरा खिडकी’ आहे. दाखले आणि योजनांचे अर्ज तिथं भरून मिळतात.

७. पोट आणि पाणी

बातमी आठ दिवसांत विरते. खरी झळ त्यानंतर लागते. रोवणीला कुणी येत नाही, दुकानदार सामान देत नाही, बोअरिंगवर बाई आली की बाकीच्या भांडी उचलतात. उन्हाळ्यात घडलं तर तेंदूपत्त्याचा हंगाम हातचा जातो, म्हणजे वर्षभराची रोख रक्कम जाते. म्हणून मदतीचं वेळापत्रक शेतीच्या हिशेबानं लावा. रोवणीला शेजारच्या गावातून दहा हात पाठवा. तेंदू संकलनाला दुसऱ्या फळीवर (संकलन केंद्रावर) पुडे देता येतील का ते विचारा. रेशन जिथं राहताहेत तिथल्या दुकानातून उचलता येतं, ते सुरू करून द्या. निराधार म्हातारी माणसं असतील तर संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलला टाका.

वाळीत टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि वसूल झालेला दंड पीडिताला देता येतो. कोणी, कधी, काय नाकारलं याची तारीखवार नोंद ठेवा. मात्र पहिल्या नकारालाच ठाण्यात धावण्याआधी सरपंच आणि ग्रामसेवकांना सोबत घेऊन बोअरिंगवर जा. कित्येकदा चार माणसांच्या देखत भरलेला एक हंडा पुरतो.

८. कोर्टाची वाट

वहीच्या मागच्या पानावर तीन तारखा लिहा : अटकेपासून साठावा दिवस, नव्वदावा दिवस आणि जामिनाच्या सुनावणीचा दिवस. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. विचारायला लाजू नका. सुटलेला माणूस गावात येण्याआधी पीडितांना कळायला हवं.

धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयानं ही योजना डिसेंबर २०१८ मध्ये देशभर लागू केली. निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडं असतो. साक्षीच्या आदल्या दिवशी पीडितांना तालुक्याला किंवा जिल्ह्याला आणून ठेवा, रिकामं न्यायालय दाखवून आणा, कुठं उभं राहायचं ते सांगा. काय बोलायचं ते शिकवू नका.

९. आरोपींची घरं

हे काम कुणाला रुचत नाही, तरी करा. पंधरा पुरुष आत गेले म्हणजे पंधरा घरांची कमाई बंद. त्या घरांचा राग फिरून पीडितावरच येतो : “तुमच्यामुळं आमची माणसं गेली.” समझोत्याचा दबाव इथूनच सुरू होतो. आरोपीलाही मोफत वकील मिळतो, त्याच्या मुलांनाही शाळा आणि रेशन हवं असतं. ती वाट दाखवून दिली तर साक्ष फिरवण्याची गरज कमी होते. फक्त दोन्हीकडं एकच माणूस जाऊ नये. पीडितासोबत बसणाऱ्यानं आरोपीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की विश्वास संपला.

१०. गावाशी बोलणं

संशयाची मुळं बहुधा एखाद्या मरणात असतात. मूल तापानं जातं, तरुण माणूस झोपेतच मरतो, आणि का मेला ते कुणीच सांगत नाही. मलेरिया डोक्यात गेला होता, मण्यार चावली होती, सिकलसेलचा झटका होता, हे घरी येऊन सांगणारं कुणी नसतं. मग ती रिकामी जागा नावानं भरली जाते. म्हणून गावात अचानक मृत्यू झाला की तीन दिवसांच्या आत आशाताई, आरोग्यसेवक आणि गावाचा विश्वास असलेला एक माणूस यांनी त्या घरी जावं, कारण समजावून सांगावं आणि कुणाचं नाव घेतलं जातंय का ते कान देऊन ऐकावं. नाव निघालं तर त्याच दिवशी पोलीस पाटलाला कळवा.

शोधग्राम इथं आरोग्याचं काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. बाळं वाचली की बोट दाखवायचे प्रसंगही कमी होतात. पुजाऱ्यालाही शत्रू करू नका. लोक आधी त्याच्याकडं जातात; “पूजा कर, पण रोग्याला दवाखान्यातही पाठव, आणि कुणाचं नाव घेऊ नको,” एवढं त्यानं ग्रामसभेत कबूल केलं तर ठरावात लिहून घ्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते प्रयोगांसह कार्यक्रम करतात. ते घटनेनंतर महिन्याभरानं बोलवा, दुसऱ्याच दिवशी नको. आणि भाषणात ‘तुम्ही जंगलातले अडाणी’ असा सूर लागला तर तो तिथंच थांबवा. अशा हत्या युरोपातही शतकानुशतकं न्यायालयांच्या हुकमानं झाल्या आहेत.

११. स्वतःकडं पाहणं

जखमा पाहिल्यावर तुमचीही झोप उडेल. आठवड्यातून एकदा तिघांनी बसून वही चाळा : काय झालं, काय राहिलं, कोण थकलं. थकलेल्याला महिनाभर कागदाचं काम द्या. पीडितांना आपला खाजगी नंबर देताना कोणत्या वेळी फोन उचलाल ते सांगा.

कधी थांबायचं

खटला संपला म्हणून काम संपत नाही, आणि निकालासाठी थांबूनही चालत नाही. निर्दोष सुटका झाली तर पीडिताला वरच्या न्यायालयात अपील करता येतं. मुदत वकिलाला त्याच दिवशी विचारा. बाकी माप सोपं ठेवा. ती माणसं कुणाच्याही सोबतीशिवाय पाणी भरू लागली, पोरगं शाळेत जाऊ लागलं, आणि पुढच्या रोवणीला शेतात गावातले दोन जण आपणहून उतरले, तर तुमचं येणं महिन्यातून एकदा करा. तसं झालं नाही आणि त्यांनी गावाला न परतण्याचं ठरवलं, तर तो तुमचा पराभव समजू नका. त्यांना परत पाठवण्याची घाई प्रशासनाला आणि गावाला असते. तुम्हाला ती नसावी. नव्या ठिकाणी घरकुल, रेशन आणि शाळेचा दाखला यांचे अर्ज पहिल्या पानापासून पुन्हा भरायला घ्या.